आजीचं सूप गॅलरीत ठेवलं की मांडणशिल्प होतं का?

प्रश्न सोलापूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. कलामहाविद्यालयाचं शेवटचं वर्ष. घर पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातलं, तेलंगणातून सोलापुरात येऊन स्थिरावलेलं. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आजोबांचं आयुष्य मागावर गेलं, आजी अजूनही विड्या वळते. वार्षिक प्रदर्शनासाठी तिने आजीचं सूप, कात्री, दोऱ्याची रिळं, तेंदूची पानं आणि मागच्या भिंतीवर आजीचा मोठा फोटो अशी मांडणी केली. बघणारे "छान, आमच्या आजीची आठवण झाली" म्हणून पुढच्या कामाकडे वळले. ती विचारते: सगळं सामान खरं असून काम पोकळ का वाटतं? घरचा वारसा आणि घरात सोसलेलं यांतून मांडणशिल्प घडतं तरी कसं? आणि आजीचे कष्ट असे मांडायचा मला हक्क आहे का?

मी शिल्पकलेतून मांडणशिल्पाकडे (इन्स्टॉलेशनकडे, म्हणजे वस्तू, आवाज, उजेड मांडून सगळी जागाच घडवण्याकडे) आलो आणि बरीच वर्षं ते करतो, शिकवतो. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत दर वर्षी समोर येतो. कुणी आईचा पाटा-वरवंटा आणतं, कुणी आजोबांचं जू, कुणी वारीला जाणाऱ्या आजीचं तुळशीवृंदावन. म्हणून तिलाच उद्देशून जरा सविस्तर लिहितो.

वस्तू गॅलरीत आली की बघणारा ती ओळखतो, आणि ओळख पटली की त्याचं बघणं थांबतं. सूप दिसलं, आजी कळली, कष्ट कळले, गरिबी कळली. त्याला आधीपासून ठाऊक होतं तेवढंच तुमच्या मांडणीने त्याच्या हाती परत दिलं. आता आजी दिवसभर काय करते ते आठवा. ती कुठे बसते, उजेड कुठून घेते, सूप मांडीवर कसं तोलते, पान कुठल्या बाजूने कापते. किती विड्या झाल्या हे तिला न मोजता कसं कळतं? हजार भरत आले की हाक मारली तरी ती उठत नाही, तेव्हा चुलीकडे कोण बघतं? यातलं काहीही बघणाऱ्याला ठाऊक नाही आणि तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तुमचा खरा ऐवज हा: हातांची चाल, बसायची जागा, मोजमाप, घरातले न लिहिलेले नियम. एका शब्दात, घरची रीत. मांडणशिल्पाला ही रीत पेलता येते, कारण इथे बघणारा कामासमोर उभा नसतो, कामाच्या आत शिरलेला असतो. त्याला वाकायला लावता येतं, जमिनीवर बसवता येतं, ताटकळत ठेवता येतं, त्याच्या नाकाकानांपर्यंत पोचता येतं.

बीजिंगचे कलावंत सोंग डोंग यांचं 'वेस्ट नॉट' हे काम वरवर पाहता माझं म्हणणं खोडून काढणारं आहे, म्हणून तेच आधी घेतो. तिथे वस्तूच वस्तू आहेत, दहा हजारांवर. २००२ साली त्यांचे वडील गेले आणि आई, झाओ श्यांगयुआन, दुःखात बुडाली. त्या पिढीने टंचाई भोगलेली, काहीही टाकून द्यायचं नाही हा घरचा कडक नियम. वडील गेल्यावर त्या नियमाने सगळं घर व्यापलं. मुलं आवरायला गेली की आईला ते सहन होत नसे. तेव्हा मुलाने आईलाच सुचवलं की हे सगळं आपण दोघं मिळून मांडू. २००५ मध्ये बीजिंगच्या एका गॅलरीत घराचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि त्याच्याभोवती वाटा सोडून आईने जपलेलं सगळं जमिनीवर लागलं: टूथपेस्टच्या पिळून संपलेल्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, कापडाचे तुकडे, जुने बूट, घड्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. आई तिथे येऊन बसायची, आलेल्या लोकांशी बोलायची. वर निऑनच्या अक्षरांत गेलेल्या वडिलांसाठी निरोप होता: बाबा, काळजी करू नका, आई आणि आम्ही ठीक आहोत.

त्या सामानात साबणाच्या वड्याही होत्या. साबण रेशनवर मिळायचा त्या काळात आईने त्या वाचवून ठेवल्या, पुढे मुलांना कमी पडू नये म्हणून. मुलाच्या लग्नात तिने त्या देऊ केल्या, तर तो म्हणाला की मी कपडे यंत्रात धुतो. वड्या दगडासारख्या झाल्या तरी तिने त्या टाकल्या नाहीत. आता सांगा, गॅलरीत काय मांडलं होतं? साबण? मला तिथे आईचं साठवणं दिसतं, तिने घातलेल्या घड्या दिसतात, आणि मायेने घेतलेलं एक विचित्र, हट्टी रूप दिसतं. वस्तू हजारोंनी होत्या कारण साठवण्याची रीत तशीच मांडता येते. दहा-बारा निवडक वस्तू काचेखाली ठेवल्या असत्या तर ती रीत मेली असती. शिवाय काम करता करता आईला पुन्हा माणसांत यायला वाट मिळाली. जानेवारी २००९ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हे काम लागलं. आता दर ठिकाणी ते मांडायला कलावंताची बहीण आणि पत्नी हात लावतात. म्हणजे मांडणं हेच त्या घरातलं एक कार्य होऊन बसलं आहे.

तुम्हीही खऱ्या वस्तू ठेवल्या, मग फरक कुठे पडला? तुमच्या सुपाची मांडणी तुम्ही केली आणि ती दृश्य म्हणून केली. मधोमध सूप, डावीकडे कात्री, मागे फोटो, वरून पिवळा दिवा. आजीने ते सामान असं कधीच ठेवलं नसतं. तिच्या हाताचा नियम त्यात कुठेच उतरलेला नाही.

कोरियाचे दो हो सुह यांचा मार्ग याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. घरातली एकही वस्तू ते आणत नाहीत. वडील सुह से-ओक हे शाईचित्रांचे मोठे चित्रकार. १९७०च्या दशकात, भोवतीचं सोल शहर भराभर नवं होत असताना, त्यांनी जुन्या पद्धतीचं लाकडी घर बांधून घेतलं, चांगदोक राजवाड्याच्या आवारातल्या १८२८ सालच्या एका घरावर बेतलेलं. मुलगा त्यात वाढला आणि पुढे शिकायला अमेरिकेला गेला. तिथल्या परक्या खोल्यांत झोप लागेना, तेव्हा त्याच्या मनात आलं की आपलं घर सोबत नेता आलं पाहिजे. १९९९ मध्ये त्याने ते घर मापात माप मिळवून पारदर्शक रेशमात शिवलं आणि लॉस एंजेलिसमध्ये छताला टांगलं. नाव 'सोल होम/एल.ए. होम'. पुढे ते ज्या ज्या शहरात लागलं त्या शहराचं नाव मूळ नावाला जोडत गेले. घडी घातली की घर पेटीत मावतं.

विद्यार्थ्यांना या कामातलं रेशीम आवडतं, तरंगणारं घर आवडतं. मला त्यातली शिवण महत्त्वाची वाटते. ते घर शिवायचं कसं हे कलावंताला येत नव्हतं. पारंपरिक कोरियन कपडे शिवणाऱ्या जाणत्या बायकांकडून तो ते शिकला, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला आईची ओळख कामी आली. वडिलांचं घर आणि आईच्या जगातली सुई एकत्र आली तेव्हा काम उभं राहिलं. मोजमाप हाही इथे केवळ तांत्रिक भाग राहत नाही. भिंत न भिंत, दाराची कडी न कडी हाताने मोजायची म्हणजे लहानपण पुन्हा इंचाइंचाने चाचपायचं.

मोजमापाचा विषय निघाला म्हणून माझ्या एका कामाबद्दल सांगतो. माझे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. परळच्या चाळीत गावकीची दहा बाय बाराची खोली, त्यात गावाकडून आलेले एकटे पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला एक खुंटी. झोपायची जागा पाळीने वाटलेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे ती खोली हळूहळू रिकामी झाली. त्या खोलीवर काम करायचं ठरवलं तेव्हा ट्रंक मिळाल्या असत्या, कंदीलही मिळाले असते. मी त्या खोलीत राहिलेल्या, हयात असलेल्या काकामंडळींना बोलावलं, जमिनीवर खोली खऱ्या मापात आखली आणि म्हटलं, आपापली जागा खडूने काढा. त्यावरून बराच वाद झाला. दोघांनी एकाच जागेवर हक्क सांगितला, आणि दोघंही खरं बोलत होते: एक पहिल्या पाळीचा, दुसरा रातपाळीचा. मी त्या दोन्ही रेषा एकमेकींवर तशाच राहू दिल्या. प्रदर्शनात त्या रेषा, खुंट्यांची उंची आणि ठरलेल्या वेळी वाजणारा भोंगा, एवढंच होतं. भोंगा वाजला की दिवे बदलायचे आणि रेषांच्या आत उभ्या असलेल्यांना कळायचं की आपण दुसऱ्याच्या अंथरुणावर उभे आहोत. गिरणी दाखवणारा एकही फोटो मी लावला नाही.

ते बघायला आई आली होती. तिने सगळं पाहिलं आणि विचारलं, "आणि ही माणसं जेवायची कुठे?" त्या खोल्यांतल्या पुरुषांना डबे पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायका हा गिरणगावाचा केवढा मोठा भाग. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. आईच्या त्या प्रश्नातून माझं पुढचं काम निघालं. घरच्यांना काम दाखवायचं ते कौतुक ऐकायला नव्हे, त्यांना असे प्रश्न सुचतात म्हणून.

आता जरा अवघड भागाकडे येतो. आपल्याकडे वारसा म्हटला की पैठणी, वारली चित्रं, दिंडी, वाड्याची चौकट असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, मिरवता येणारं. पण आपल्या देशात धंदा जातीतून आला आहे आणि हत्यार हे कित्येक घरांत अपमानाची खूण होतं. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, लोकांनी ते सोडलं, आणि ते सोडणं हा त्यांचा सगळ्यात अभिमानाचा वारसा आहे. अशा घरातल्या मुलाला "तुझ्या परंपरेतलं काहीतरी कर" असं सांगणाऱ्या शिक्षकाने आधी थांबून विचार करावा. टाकून दिलेलं पुन्हा उचलून मांडायला त्याला कोण भाग पाडतंय?

पुण्याच्या कलावंत राज्यश्री गुडी यांनी यातून काढलेली वाट मला फार मोलाची वाटते. दलित आत्मकथनांत अन्नाचे, भुकेचे, उष्ट्याचे प्रसंग येतात. त्या ते प्रसंग घेतात आणि पाककृतीच्या रूपात लिहितात: तुम्ही हे घ्या, असं करा, मग तसं करा. वाचणारा पाककृती समजून वाचायला लागतो आणि काही ओळींत त्याच्या लक्षात येतं की आपल्याला कुणाच्या तरी भुकेच्या जागी उभं केलं आहे. तिथे दया दाखवायला अंतरच उरत नाही. बघा, इथेही उचलली आहे ती रीतच.

अमोल पाटील यांच्या घरात आजोबा पोवाडे रचणारे, वडील गावाकडून मुंबईत आलेल्या कामगारांवर नाटकं लिहिणारे. त्यांच्या कामांत चाळीतल्या खोल्या, सफाई कामगारांची शरीरं, श्वास आणि आवाज येतात. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात ते काम दिसलं, २०२३ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत. पोवाडा म्हणजे डफ आणि फेटा असं सोपं समीकरण त्यांनी धरलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ऐकणाऱ्याच्या अंगात काहीतरी हलवायचं हे पोवाड्याचं काम त्यांनी पुढे चालवलं.

आणि प्रभाकर पाचपुते. तुम्हाला कुणा एकाचंच काम बारकाईने अभ्यासायचं असेल तर त्यांचं अभ्यासा. जन्म १९८६, चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती गाव. गाव कोळशाच्या खाणीने वेढलेलं, घरात पिढ्यान्‌पिढ्या खाणकाम. ते खैरागड आणि बडोद्याला शिल्पकला शिकले, आणि त्यांनी हाती घेतला तो कोळसाच. २०१२ मध्ये मुंबईत क्लार्क हाऊसला त्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा भिंतीच कोळशाने भरल्या होत्या. कोळसा इथे चित्रातला विषय आहे आणि चित्र काढायचं साधनही तोच आहे. घराने ज्यासाठी फुप्फुसं झिजवली त्याच पदार्थाने हात काळे करून काम करायचं. त्यांची माणसं पाहा: डोक्याच्या जागी भलतंच काही, अवजार, यंत्र, जमिनीचा तुकडा. माणूस खाणीत काम करता करता खाणच होऊन जातो, हे तिथे शब्दांविना कळतं. भिंतीवरची अशी चित्रं प्रदर्शन संपलं की पुसली जातात, भिंत पुन्हा पांढरी होते. खाणीत गेलेल्या गावाबद्दलचं काम असं जातं, हे मला त्या कामाच्या आशयाचाच भाग वाटतं.

पुढे ते वेल्समध्ये पोचले. तिथेही कोळसा, तिथेही बंद पडलेल्या खाणी, संप, कामगारांची बॅनरं. २०२१ मध्ये कार्डिफचं आर्टेस मुंडी पारितोषिक अंतिम यादीतल्या सहाही कलावंतांत वाटून दिलं गेलं, त्यांत पाचपुते होते. तिथल्या कामात त्यांनी वेल्सच्या खाण कामगारांच्या बॅनरांची भाषा जवळ केली. सास्तीचा मुलगा वेल्सच्या खाणकाऱ्याशी बोलू शकला तो कामामुळे, कारण कामाची रीत दोन्हीकडे ओळखीची होती. 'आमची संस्कृती' एवढंच मांडलं असतं तर तिकडच्या माणसाने ती लांबून, कुतूहलाने पाहिली असती.

थोडं लांबून जाणारे कलावंतही आहेत, त्यांच्याबद्दल दोनच ओळी. घानाचे एल अनात्सुई केंटे हे तिथलं पारंपरिक कापड विणणाऱ्या घरातले, पण ते स्वतः विणायला बसले नाहीत. नायजेरियात न्सुक्काला शिकवत असताना त्यांना दारूच्या बाटल्यांची झाकणं सापडली. ती चेपून, तांब्याच्या तारेने जोडून त्यांनी धातूची प्रचंड वस्त्रं केली. युरोपची दारू आणि आफ्रिकेतल्या गुलामांचा व्यापार यांचं नातं त्या झाकणांतून आपोआप आत आलं. शीला गौडा यांनी 'अँड टेल हिम ऑफ माय पेन'मध्ये लांबच लांब दोरे सुयांतून ओवले, कुंकवाने माखून त्यांचे लाल दोर केले आणि टोकाला सुयांचे झुबके तसेच लोंबते ठेवले. त्यात एकही बाई दिसत नाही, तरी बायकांचं न संपणारं काम सगळ्या खोलीभर पसरलेलं असतं.

आता तुमच्या घरी येऊ. मी तुमच्या जागी असतो तर आजीचा फोटो सगळ्यात आधी उतरवला असता. फोटोने बघणाऱ्याला नातवंड करून टाकलं. तो आजीकडे मायेने बघतो आणि सुटतो. त्याची जागा बदला. विड्या घेऊन बायका कारखान्याच्या शाखेत जातात तिथे काय होतं ते तुम्ही पाहिलेलं असणार. तपासणारा जुड्या उलटसुलट करतो, काही विड्या छाट म्हणून बाजूला पडतात, त्यांचा मोबदला नाही. ज्याच्यापुढे आजी सूप घेऊन उभी राहते त्याच्या जागी बघणाऱ्याला उभं करा. त्याच्यापुढे टेबल, टेबलावर वळलेली पानं, आणि एकेक हातात घेऊन चांगली की छाट हे त्याने ठरवायचं. त्याला फरक कळणारच नाही. तरी निवाडा तोच देणार आहे, आणि त्याच्या निवाड्यावर कुणाचा तरी दिवस कापला जाणार आहे. हे नुसतं सांगून पटत नाही, करायला लागलं की बोटांना कळतं.

दुसरं, हजार. मजुरी हजारावर ठरते, म्हणजे तुमच्या घरातल्या वेळेचं मापच हजार. हजार विड्यांचा ढीग घालू नका, ढीग बघून कुणाला काही कळत नाही. आजी कामाला बसल्यापासून हजार भरेपर्यंतचा आवाज सलग ध्वनिमुद्रित करा: कात्रीची करकर, दोरा तुटल्याचा टकटक आवाज, मधेच कुकरची शिट्टी, शेजारणीशी बोलणं, खोकला. त्यातलं काहीही कापायचं नाही. प्रदर्शनात ते पूर्ण दिवस चालू द्या. बघणारा दोन मिनिटं थांबेल, कुणी दहा. पण बाहेर पडताना आपण गेल्यावरही हे चालूच राहणार हे त्याला कळलेलं असेल. आजी तेलुगूत मोजत असेल तर तेलुगूतच राहू द्या, भाषांतराची पाटी नको. मराठी शहराच्या पोटात तेलुगू मोजणी चालू आहे, हाही सोलापूरचा वारसाच आहे.

तिसरं, उंची. सूप मांडीवर असतं, म्हणजे जमिनीपासून वीतभर. तुम्ही ते चौथऱ्यावर ठेवलं आणि ते मूर्ती झालं. दिवा आजीच्या खांद्याच्या उंचीवर आणा, बाकी खोलीत अंधार ठेवा. मग ज्याला काही बघायचं असेल तो आपोआप जमिनीवर बसेल. थोड्या वेळाने त्याची पाठ दुखायला लागेल. दुखू द्या.

आणि पानाचा कापून उरलेला भाग. पत्र्याचा साचा ठेवून मधला तुकडा कापला की भोवतीचं जे उरतं, ते घरात रोज केवढं जमत असेल! विडी धूर होऊन जाते, तिचा आकार मात्र त्या उरलेल्या पानांत पोकळी म्हणून शिल्लक असतो. मला विचाराल तर तुमच्या घरातलं सगळ्यात बोलकं साहित्य तेच आहे, आणि तुमच्या मांडणीत नेमकं तेच नव्हतं.

या सगळ्यात आजी बिचारी दिसणार नाही याची काळजी घ्या. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची वसाहत आहे, दहा हजारांवर घरांची. वर्षानुवर्षं मोर्चे काढून, केंद्र-राज्याकडून मदत मिळवून आणि स्वतःचा वाटा घालून बायकांनी ती घरं मिळवली. २००६ मध्ये ती त्यांच्या हाती आली. तुमची आजी त्या लढ्यात होती की नाही हे तिला विचारा. नसली तरी तिच्या ओळखीच्या कितीतरी जणी असतील. वाकलेली पाठ हा तुमचा वारसा आहे तसा लाल बावटाही आहे, आणि दुसरा विसरून पहिलाच दाखवणं हा त्या बायकांवर अन्याय ठरेल.

हक्काबद्दल विचारलंत. नातीचा हक्क आहे, पण तो आजीला विचारल्यावर सुरू होतो. एकदा "करू का गं?" म्हणून विचारलं आणि ती "कर बाई" म्हणाली, एवढ्यावर भागत नाही. काम बदलेल तसं तिला दाखवत राहा, कच्चं रेखाटन, आवाजाचा तुकडा, जागेचा फोटो. "हे नको" म्हणाली तर ते काढा, मग ते कितीही सुंदर असो. तुमचे आईवडील म्हणतील की आपलं दारिद्र्य चव्हाट्यावर कशाला. त्यांच्याशी वाद घालू नका. काय झाकलेलं बरं असं त्यांना वाटतं ते नीट ऐकून घ्या. कधी कधी ते झाकलेलं राहू देऊनच काम जास्त खरं होतं. एक दार बंद ठेवून त्यामागून फक्त आवाज येऊ देणं हीसुद्धा मांडणीच आहे.

पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण कला शिकवणारे ते बोलत नाहीत. आवाज घ्यायला आजीचा दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी तिला द्या. विद्यार्थी असलात तरी द्या, साहित्याच्या खर्चात धरा. तिने पानं कापून दिली तर तीही मजुरी. पुढे हे काम कुठे निवडलं गेलं, मानधन मिळालं, विकलं गेलं, तर तिचा वाटा किती हे आत्ताच ठरवून कागदावर लिहून ठेवा. ज्या कामाचा विषय कमी मोबदला हा आहे त्यात आजीने फुकट राबावं हे मला पटत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. खरी तंबाखू बंद खोलीत अजिबात पसरू नका. तिची भुकटी हवेत उडते, बघायला लहान मुलं येतात, आणि तुम्ही स्वतः दिवसभर तिथे असणार. ओलसर पानांचा वास पुरेसा आहे. पान सुकलं की चुरतं आणि ओलं राहिलं की बुरशी धरतं, म्हणून वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त पानं जवळ ठेवा आणि रोज सकाळी खराब झालेली बदला. ती रोजची बदलाबदलही लोकांसमोर करा, ती कामाचाच भाग आहे. काही टांगायचं असेल तर पीओपीच्या छताला हात लावू नका, स्लॅब किंवा तुळई कुठे आहे ते आधी शोधा आणि हूक माहीतगार माणसाकडून बसवून घ्या. दिव्यांची वायर जमिनीवरून जात असेल आणि लोक तिथे बसणार असतील तर ती चांगली झाकून चिकटवा. आणि सगळ्यात आधी घरच्या गच्चीवर खऱ्या मापाची कच्ची मांडणी करा, वर्तमानपत्रं आणि सुतळी घेऊन. विडीशी काडीचाही संबंध नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला त्यात सोडा, काही समजावून सांगू नका, फक्त ती कुठे थांबते आणि कुठून परत फिरते ते बघा.

शेवटी परीक्षकांसाठी लिहायच्या टिपणाबद्दल. "मुळांचा शोध", "स्मृतींचा पट" असले शब्द त्यात नकोत. ध्वनिमुद्रण कुठल्या घरात, कुठल्या दिवशी झालं, किती तासांचं आहे, पानं कुणी कापली, हजारी मजुरीचा दर त्या दिवशी काय होता, एवढं लिहा. दर लिहायला विसरू नका. आणि आजीची हरकत नसेल तर तिचं नाव तुमच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत.